दोन आजारी, एक चूल

साशंक : ताई, नवरा-बायको दोघंही आजारी असतील तर दोघांना पूर्ण आणि वेगवेगळं अनुदान मिळायला हवं, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. मनाला दगड करून मी हे बोलत नाही. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत महसूल खात्यात उमेदीची वर्षं काढली, अर्जांच्या चळती डोळ्यांखालून गेल्या. संजय गांधी निराधार योजना १९८० साली अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. तिच्या नावातच अर्थ आहे: ज्याला आधार नाही तो. नवरा अंथरुणावर असला तरी बायकोला नवरा आहे, बायको दुखणाईत असली तरी नवऱ्याला बायको आहे. चूल एक, दिवा एक, रेशनकार्ड एक. म्हणूनच एके काळी नियम असा होता, की घरात एक लाभार्थी असेल तर महिन्याला ६०० रुपये आणि एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्या कुटुंबाला मिळून ९००. दुप्पट नव्हे, दीडपट. मला त्यात अन्याय दिसला नाही. त्याच पाड्याच्या टोकाला एखादी म्हातारी एकटी राहत असायची. रात्री तहान लागली तर तांब्या हातात द्यायला कुणी नाही. पैसा मोजका असेल तर आधी तिचा नंबर, मग जोडप्याचा. आता रक्कम वाढली, नियम बदलले, पण हा क्रम मला आजही बरोबर वाटतो.

आग्रही : दीडपटीचा हा हिशेब आपल्याकडेच निघाला असं नाही, भाऊसाहेब. अमेरिकेत गरीब वृद्धांना आणि दिव्यांगांना केंद्र सरकार जी मदत देतं, तिच्यातही जोडप्याला एकट्याच्या दीडपटच मिळतात. जवळ शिल्लक किती असावी याची मर्यादा एकट्याला २,००० डॉलर आणि जोडप्याला ३,०००. १९८९ पासून ती बदललेली नाही. लग्न नोंदवलं तर मदत घटेल म्हणून तिथं कित्येक दिव्यांग जोडपी लग्नच नोंदवत नाहीत. म्हणजे हा हिशेब मोठ्या विचारानं केलेला आहे, हे मी मान्य करते. दोघांचा भात एकाच पातेल्यात शिजतो, सरपण वाचतं, हे खरं आहे. पण तुमचा हिशेब चुलीपाशी संपतो.

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या आत एका पाड्यावर एक जोडपं आहे, ठाकूर समाजातलं. त्याला चार वर्षांपूर्वी लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली. तिला सिकलसेल. महिन्याचे काही दिवस ती बरी असते, मग अचानक सांधे असे धरतात की ओटीवरून उतरता येत नाही. उन्हाळ्यात त्या पाड्याच्या विहिरीत टँकर पाणी ओततो. भातसा, तानसा आणि मोडकसागर याच तालुक्यात आहेत, तिथलं पाणी मुंबई पिते, आणि इथं विहिरीवर हंड्यांची रांग लागते. आता सांगा, या घरात पाणी कोण भरणार? धडधाकट बायको असती तर तिनं भरलं असतं आणि नवऱ्याचा आजार अर्धा तरी सोसला गेला असता. नवरा धडधाकट असता तर बायकोला हंडा उचलावा लागला नसता. दोघंही आजारी, म्हणजे शेजारणीला हंड्यामागं पैसे द्यायचे, नाहीतर तिच्यापुढं मान खाली घालायची. तुम्ही म्हणता त्यांना एकमेकांचा आधार आहे. मी म्हणते, दोन आजारी माणसं एका घरात असली की ज्याच्या जिवावर घरातला आजारी माणूस जगतो, तो माणूसच त्या घरातून वजा होतो. एकट्या म्हातारीचं दुःख मी कमी लेखत नाही. पण या घरात दोन एकटी माणसं राहतात.

साशंक : दोन एकटी माणसं हे ऐकायला लागतं खरं. पण सरकारनं त्यांना उघड्यावर टाकलेलं नाही, हेही बघा. दिव्यांगांचं अनुदान २०२५ च्या ऑक्टोबरपासून १,५०० वरून २,५०० झालं. तुमच्या जोडप्यातल्या नवऱ्याकडं दिव्यांगत्वाचं किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर ते मिळेल. सिकलसेलचं नाव निराधार योजनेच्या यादीत आहेच. शिवाय २०१६ च्या दिव्यांग कायद्यानं जे २१ प्रकार मानले त्यातही सिकलसेल आलं. म्हणजे तिचाही दावा उभा राहतो. आणि ती निराधार योजनेत बसली नाही तर लाडकी बहीण योजना आहे, महिन्याला १,५०० रुपये. घर अंत्योदयात असेल तर माणसं दोन असोत की सात, ३५ किलो धान्य. तिथं तर जोडप्याचा फायदाच होतो. दवाखान्याला महात्मा फुले योजना. इतकं सगळं असताना भांडण नियमाशी कशाला? भांडण माहितीशी आहे. नीट अर्ज भरला, कागद जोडले, तर दोघांनाही मिळतं. मी स्वतः अशा घरांना मंजुरी मिळालेली पाहिली आहे.

आग्रही : तुम्ही पाहिली असेल. मी त्याच अर्जांच्या अलीकडची बाजू पाहते. उत्पन्नाची मर्यादा घ्या. निराधार योजनेला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याला १,७५०. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. नवरा-बायकोनं मिळून ६८ दिवस माती उचलली की २१,२१६ रुपये होतात आणि घर मर्यादेच्या बाहेर जातं. दोघांचे ३४-३४ दिवस, तेवढ्यात ते सरकारच्या लेखी सुस्थितीत! आणखी बघा. दोघांनाही दरमहा १,५०० मंजूर झाले तर वर्षाचे ३६,००० होतात. गरीब कोण हे ठरवायला सरकारनं जी रेघ ओढली, तिच्याहून सरकारचंच अनुदान मोठं आहे. मग ती रेघ नक्की काय मोजते?

त्यात दिव्यांगाला मर्यादा ५०,००० आणि दुर्धर आजाराला २१,०००. एकाच छपराखाली, एकाच भाताच्या पातेल्यावर दोन मर्यादा. समजा घराचं उत्पन्न ३०,००० आहे. नवऱ्याकडं प्रमाणपत्र आहे, तो बसतो. बायकोचं टक्क्यांचं प्रमाणपत्र झालेलं नाही, ती नुसती आजारी, म्हणून ती बसत नाही. आणि लाडक्या बहिणीला मर्यादा अडीच लाख! अडीच लाख उत्पन्नाच्या घरातल्या निरोगी बाईला १,५०० आणि एकवीस हजारांच्या घरातल्या दुखणाईत बाईलाही तेवढेच. दोन्ही घेता येत नाहीत, हे ठीक. पण २०२५ च्या सुरुवातीला निराधार योजनेतल्या २ लाख ३० हजार बायका लाडक्या बहिणीतून वगळल्या, तेव्हा पाड्यावर माझ्याकडं काय विचारणा आली माहीत आहे? आम्ही आजारी आहोत म्हणून आमचे पैसे गेले का? मी नियम समजावला. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हतं.

साशंक : २१,००० ची रेघ जुनी झाली, हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगेन. तिचा खरा दोष तुम्ही म्हणता त्याहून वाईट आहे. ती खोटं बोलायला शिकवते. तलाठ्याला ठाऊक असतं, मंडल अधिकाऱ्याला ठाऊक असतं, की २१,००० त या तालुक्यात कोणतंही घर चालत नाही. तरी दाखला तेवढ्याचाच निघतो. एखाद्याचा थोरला मुलगा भिवंडीला गोदामात कामाला, पण त्याचं रेशनकार्ड वेगळं काढलेलं, म्हणून आईबाप कागदावर एकटे. एकदा सगळ्यांनाच खोटा दाखला लागला, की मग खरोखर भुकेला कोण आणि दाखला काढून घेणारा कोण, हे कचेरीत बसून कळत नाही. यादी मंजूर करणाऱ्या तालुका समितीवर अध्यक्ष बिनसरकारी असतो, पालकमंत्री नेमतो, तहसीलदार सदस्य सचिव. तिथं ज्याचा माणूस बसलाय त्याच्या वाडीतली नावं आधी वर येतात. हे कुणा एका समितीबद्दल बोलत नाही. तशी रचनाच आहे.

म्हणून मला भीती वाटते ती अशी. तुम्ही एका घरात दोन दावे हक्काचे केलेत, तर ज्यांना कागद जमवता येतात ती जोडपी दोन-दोन घेतील. कातकरी वस्तीवर, जिथं जातीचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, दिवाळीनंतर अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं, तिथली एकटी बाई पुन्हा यादीबाहेर राहील. हक्क वाढवले की आधी ते त्यांच्यापर्यंत पोचतात ज्यांचे पाय रस्त्यावर आहेत. आणि दुसरं. टक्के मोजून पैसे मिळायला लागले की माणूस टक्क्यांना जपायला लागतो. मुरबाडला एक जण मला म्हणाला होता, थोडं चालायला लागलोय, पण कुणाला सांगू नका. चांगला माणूस होता. आपण बरे होतोय हे त्याला लपवावं लागत होतं.

आग्रही : त्याला काय भीती होती हे तुम्ही विचारलंत का? थोडं चालायला लागलेला माणूस मजुरी करू शकत नाही. पण थोडं चाललेलं दिसलं की अनुदान जाईल आणि मजुरीही मिळणार नाही, मध्येच लोंबकळायचं. त्याला बरं व्हायचं नव्हतं असं नाही. अर्धवट बरं होण्याला या योजनेत जागाच नाही, एवढंच. क्षयरोगाचं उदाहरण घ्या. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी पैसे मिळतात, आधी महिन्याला ५०० मिळत, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,०००. औषध संपलं की पैसे संपले. पण फुप्फुस पोखरलेलं असतं, सहा महिन्यांत नवरा-बायको दोघांची मजुरी बुडालेली असते, सावकाराचं देणं असतं. गोळ्या संपल्या म्हणून घर बरं झालं असं होत नाही.

आणि कातकरी बाईचं म्हणाल तर तिच्यासाठी मी तुमच्या बरोबर कुठंही यायला तयार आहे. पण तिला मिळत नाही म्हणून डोळखांबच्या बाईचं कापा, यात तिच्या ताटात काय पडतं? तुम्ही दोघींना एकाच रांगेत उभं करता. ती रांग कुणी लावली? निराधार अनुदानासाठी पैसा मोजका आहे असं आपण किती सहज धरून चालतो. केंद्र सरकारचा वाटा बघा. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांच्या निवृत्तीवेतनात केंद्र आजही महिन्याला २०० रुपयेच देतं, २००७ पासून तेवढेच. ऐंशी टक्के अपंगत्व असेल तर ३०० रुपये. बाकीचं राज्यानं घालायचं. दोनशे रुपयांत आमच्या पाड्यावरून ठाण्याला एकदा जाऊन येता येतं, तेही सोबतीच्या माणसाशिवाय.

साशंक : सोबतीच्या माणसाशिवाय. इथं तुम्ही मला अडवलंत. खरं सांगतो, प्रमाणपत्राच्या प्रवासाचा विचार मी कधी जोडप्याच्या बाजूनं केला नव्हता. आसनगावहून लोकलनं ठाणे, दिव्यांगांच्या डब्यात बसायचं, वैद्यकीय मंडळाच्या ठरलेल्या दिवशी तपासणी, हे मला माहीत होतं. मुरबाडकरांना तर रेल्वेही नाही, एसटीनं कल्याण, मग पुढं. पण त्याला धरून नेणार कोण, तर बायको. आणि तिच्या तपासणीला तिला धरून नेणार कोण?

आग्रही : कुणी नाही. म्हणून त्याचं झालं, तिचं राहिलं. आमच्या एका पोरानं त्याला पाठीवर घेऊन स्टेशनचे जिने चढवले. तिनं सोबत यायचं ठरलेलं होतं, पण त्या सकाळी तिचे गुडघे धरले. दुसऱ्या खेपेला ती बरी होती तर त्याला ताप. दोघांना एका दिवशी न्यावं तर मंडळाचे दिवस वेगवेगळे. आता दिव्यांगांच्या ओळखपत्राचं सगळं ऑनलाइन झालं, घरबसल्या अर्ज होतो, हे कबूल. पण शरीर घरबसल्या तपासता येत नाही.

आणि अंगठ्याचं सांगते. पैसे खात्यात आले की काढायला गावातल्या केंद्रावर जायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा. त्याचा उजवा हात लकव्यानं मुठीसारखा मिटलाय. ती आधी त्याच्या मनगटाला कोमट पाणी लावते, मग एक-एक बोट उलगडते, करंगळीपासून, अंगठा शेवटी. उलगडला की दाबून धरावा लागतो, सोडला की परत मिटतो. तो धरून ती यंत्रावर टेकवते. पहिल्यांदा लाल दिवा. दुसऱ्यांदा लाल. तिसऱ्यांदा उठला. मग तिची पाळी. तिच्या हातांनी बारा हंगाम विटा थापल्या आहेत, रेषा झिजल्यात, तिचा अंगठा उठतच नाही. केंद्रावरचा मुलगा भला आहे, तो म्हणतो उद्या या, सकाळी हात मऊ असतात. भाऊसाहेब, त्या दिवशी तिच्या नावावरचे लाडक्या बहिणीचे पैसे तिला मिळाले नाहीत, पण त्याचे मिळाले, कारण तिनं त्याची बोटं उलगडली. हे काम तुमच्या कोणत्या रकान्यात येतं?

साशंक : कोणत्याच नाही. आणि हे मी मान्य करतो, की आमच्या साऱ्या पद्धतीत एक गृहीत धरलेलं असतं: घरात कुणीतरी उभं आहे. अर्ज भरायला, रांगेत थांबायला, हयातीच्या दाखल्याला दरवर्षी घेऊन यायला. आपल्या राज्यानं वि. स. पागेंच्या विचारातून रोजगार हमी उभी केली, त्या कायद्याचा मला अभिमान आहे. तिथं उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. उन्हात माती उचलायला जो येतो तो गरीब, त्याचं शरीर हाच दाखला. पण ज्याच्या शरीराला माती उचलवत नाही त्याच्याकडून मात्र आपण सगळे कागद मागतो. हे मला आज तुमच्याशी बोलताना लख्ख दिसतंय.

तरीही माझी अडचण संपत नाही, ती फक्त सरकते. आता तुमचं मागणं निव्वळ दोन अनुदानांचं राहिलं नाही. बोटं उलगडण्याचे पैसे द्या, असं ते झालं. सांभाळ हे काम आहे, हे मी मानलं. मग ते मोजणार कोण? उद्या टक्क्यांसारखाच सांभाळाचा दाखला निघेल. ग्रामसेवक पंचनामा करायला येईल की बायको नवऱ्याला खरंच आंघोळ घालते का. आणि जिथं नवरा बायकोला मारतो, तिच्या नावचे पैसे काढून पितो, तिथं सांभाळाचे पैसे कुणाच्या हातात द्याल? मी अशा बायका पाहिल्यात ज्यांना स्वतंत्र खात्यानंच वाचवलं. म्हणजे घर एकक धरलं तर आजारी माणूस झाकला जातो, हे तुमचं खरं. पण माणूस एकक धरला तर घरात कोण कुणासाठी काय करतं, हे झाकलं जातं.

आग्रही : याचं पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही, आणि नाही हे मला टोचतं. दिव्यांग कायद्यात ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी तरतूद आहे, पण ती आमच्या पाड्यापर्यंत आलेली मी पाहिली नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. पण ज्या पंचायतीची घरपट्टीच तुटपुंजी, तिच्या पाच टक्क्यांत कुणाचा सांभाळ होणार? २०१४ सालची विवाहाला प्रोत्साहनाची योजना आठवा. अव्यंग माणसानं दिव्यांगाशी लग्न केलं तर ५०,००० रुपये मिळत. दोघंही दिव्यांग असतील तर तेव्हा ती लागूच नव्हती. सरकारच्या मनात चित्र हेच, की जोडप्यात एक सांभाळणारा आणि एक सांभाळला जाणारा. माझ्या पाड्यावरचं जोडपं त्या चित्रात बसत नाही. दिवसागणिक त्यांच्या जागा बदलतात. तिचे सांधे धरले की तो डाव्या हातानं तिच्या गुडघ्यावर गरम विटेचा शेक देतो. त्याला तेवढंच येतं, पण तो ते करतो.

घर किंवा माणूस, यातलं एकच धरा असं मी म्हणत नाही. पातेलं घराचं आहे, धान्य घराला द्या, ३५ किलो, मला मान्य. आजार माणसाचा आहे, त्याचे पैसे माणसाच्या नावावर द्या, आणि त्यात शेजारच्या आजाऱ्याचं उत्पन्न वजा करू नका. आणि दोघंही आजारी असतील तर पूर्ण दुपटीच्याही वर काहीतरी लागतं, कारण तिथं पाण्याचा हंडा आणणारं तिसरं माणूस विकत घ्यावं लागतं. ते वरचं किती आणि कुणी ठरवायचं, ते तुम्ही सांगा. तुम्हाला यादीची आतली बाजू माहीत आहे.

साशंक : दुपटीच्या वर! मी दीडपटीपासून सुरुवात केली होती. आतली बाजू सांगतो. असं वरचं काही दिलं तर पहिल्या वर्षी खरी घरं येतील, दुसऱ्या वर्षी कागदावर आजारी झालेली येतील, तिसऱ्या वर्षी चौकशी लागेल आणि चौकशीत आधी गळतील ती तुमची डोळखांबची माणसं, कारण त्यांना कचेरीत उत्तर द्यायला जाता येणार नाही. मी हे घडताना पाहिलं आहे, म्हणून सांगतो. न देणं चूक, हे तुम्ही मला दाखवलंत. देण्याची जी रीत मला ठाऊक आहे, तिच्यात ते टिकत नाही.

आग्रही : मग रीत बदलायची की माणसं? बरं, ते राहू द्या. तिचा अर्ज मी परवा पुन्हा भरला. छापील अर्जात सांभाळ कोण करतं असा प्रश्न मला सापडला नाही, म्हणून समासात हातानं लिहिलं: सांभाळणारी व्यक्ती, पती. त्याच्या अर्जाच्या समासात मागं लिहिलं होतं: सांभाळणारी व्यक्ती, पत्नी. दोन्ही कागद एकाच पिशवीत आहेत, आढ्याच्या खिळ्याला टांगलेल्या. दोन्हींवरचं खरं आहे. तुम्ही त्या खुर्चीवर असता तर दोन्हींवर सही केली असती?

साशंक : केली असती. पण तिच्या अर्जावर लाल शाईनं शेरा मारला असता, प्रत्यक्ष चौकशी करून अहवाल द्यावा, म्हणून. माझ्या मते ती काळजी असती. आणि तो शेरा वाचून खालच्या माणसानं अर्ज बाजूच्या चळतीत ठेवला असता, डोळखांबच्या आत जायला गाडी मिळेपर्यंत. हेही मला तेव्हा ठाऊक असायचं.